पदकाचे पैंजण

प्रति,
मा. तालुका दंडाधिकारी साहेब,
तहसील कार्यालय, शिरूर, जि. पुणे.

अर्जदार : कुशाबाई ज्ञानू टकले, वय ५५, रा. केडगाव, ता. दौंड.

विषय : पैंजण ओढल्याच्या तक्रारीबाबत खुलासा व एक विनंती.
संदर्भ : चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाबाबत आपली नोटीस.

महोदय,

अर्जदाराचे वडील हवालदार बिरा सिदू कोकरे हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत कामी आले, तेव्हा अर्जदार पाळण्यात होती. त्यांच्या संस्थानच्या महाराजांनी वडिलांचा चेहरा उमटवलेली रुप्याची मोजकी पदके पाडून दरबारी मंडळींस वाटली व एक घरी पाठविले. वडिलांचा फोटो नाही. अर्जदाराने बाप पाहिला तो त्या पदकावरच. ते देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी असे. रोज धुऊन, हळद लावून, अर्जदारास कळू लागेतो त्यावरचे नाक-डोळे पार झिजले होते.

शिरूरचे रविराज पलांडे यांस ही पदके जमविण्याचा नाद आहे. ते घरी आले तेव्हा "देव इकत न्हाईत, दादा," असे सांगून अर्जदाराने त्यांना चहा पाजून वाटेला लावले. पुढे अर्जदार बाजारला गेली असता मुलगा मल्हार याने पदक त्यांच्या हवाली केले व त्यांच्या ओळखीने कंपनीत चिकटला. जाब विचारता म्हणाला, "आये, गुळगुळीत झालं हुतं ते. तुला तरी काय दिसत हुतं त्यात?"

सबब अर्जदार पलांडे यांच्या घरी गेली. त्यांनी आदराने खुर्ची दिली व कपाटातील एक पदक काचेआडून दाखविले. त्यावरचा चेहरा शाबूत होता. बापाला मिशी होती, हे अर्जदारास या वयात कळले. हात लावू देण्याची विनवणी केली असता, "मावशी, घामानं चांदी काळी पडती," असे उत्तर मिळाले. आपले पदक मागितले असता त्यांनी शांतपणे सांगितले, की जमलेल्यांत हेच नामी. बाकीची, अर्जदाराचे धरून, आटवली. "जगात एकच ऱ्हायलं की त्याला मोल येतं. तुमच्या वडलांचंच नाव झालं की." आटवलेल्या चांदीचे नातीला पैंजण केले.

इतक्यात त्यांची नात प्रगती अंगणातून पळत आली. पैंजण वाजले. अर्जदाराने खाली बसून तिचा पाय धरला, हे कबूल आहे. पैंजण ओढून काढत होती, हे खोटे आहे. अर्जदाराने त्या पायावर डोके टेकले. पोर भेदरून रडली, माणसे जमली, व कोणीतरी अर्जदाराच्या थोबाडीत मारली. त्याबद्दल तक्रार नाही.

आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे मल्हारने चौकीत लिहून दिले आहे. तसे काही नाही. ते त्याने नोकरीसाठी लिहिले असावे.

जामीन अर्जदारास मान्य आहे. त्या आळीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. चांदीही मागत नाही. विनंती एवढीच, की पोरीचा पाय वाढेल, पैंजण घट्ट होतील व मोडीत निघतील, तेव्हा अर्जदारास कळवावे. बापाच्या सरणाशी उभे राहता आले नाही; सोनाराने भट्टीत घालताना तरी अर्जदारास दारात उभे राहू द्यावे. तोवर अर्जदार मेली असल्यास मल्हारला कळवू नये.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,
कुशाबाई ज्ञानू टकले
(डाव्या हाताचा अंगठा)

शिरूर, दि. १७ मे १९९९