पहिलं ताट

१८ जून
आज नव्या हायस्कुलात रुजू झालो. मंठ्याच्या पुढचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, निजामाच्या काळातल्या दगडी भिंती. गावानं चहा पाजून पाजून जीव नकोसा केला. आकांक्षालाही इथंच आठवीत घातलं. तिची आई गेल्यापासून पोरगी आज पहिल्यांदा खळखळून हसली, फार बरं वाटलं. माझ्याकडे मुलांच्या खिचडीचं काम आलंय. मी मुळात खादाड. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

२४ जून
खिचडी शिजवणाऱ्या जयवंताबाई पहिलं ताट मागच्या कुलूपबंद खोलीच्या उंबऱ्यावर ठेवतात. बहात्तरच्या दुष्काळात इथल्या एका मास्तरांनी पोरांना जेवू घातलं आणि स्वतः त्या खोलीत उपाशी मेले, म्हणे. मास्तरांच्या आधी कुणी बी खायचं न्हाई, बिलकुल न्हाई, असं बाईंनी बजावलं. मी म्हणालो, नियमानं आधी शिक्षकानं चव घ्यायची असते. त्यांच्यादेखत तेच ताट उचललं आणि चाटूनपुसून खाल्लं. खिचडी झकास होती.

२७ जून
कशालाच चव लागत नाही. ठेचासुद्धा माती खाल्ल्यासारखा. सर्दी असेल.

१ जुलै
उकळत्या चहाचा पेला हातात धरून बसलो होतो. आकांक्षा किंचाळली तेव्हा तळहातावरचे फोड दिसले. दुखत नाही. भीती तरी वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

३ जुलै
जयवंताबाईंना म्हटलं, मास्तरांचं ताट पुन्हा ठेवा. त्या रडायलाच लागल्या. मास्तर सुटले, म्हणाल्या; त्यांच्या आधी, त्यांच्या वाट्याचं जो खाईल, त्यानं त्यांच्या जागी बसायचं. मंग आता रोजचं ताट तुमच्याच नावानं ठिवून राह्यले, सर.

७ जुलै
खोलीत आहे. कसा आलो— कुलूप बाहेरून तसंच. आकांक्षा पप्पा, पप्पा करत दारावरून गेली. रडत होती. मला काहीच झालं नाही. व्हायला हवं होतं, म्हणून लिहून ठेवतो—

८ जुलै
दाराच्या फटीतून दिसतंय. जयवंताबाई आज आल्या नाहीत. दुसरीच कुणी बाई. उंबऱ्यावर ताट नाही. आधी चव कोण बघतं, विचारतेय. आकांक्षानं हात वर—

ओरडायला हवं. तिनं आधी खाल्लं तर मी सुटेन आणि ती इथं—

तोंड उघडत नाही. तिनं घास उचलला—

जिभेला मीठ लाग