थांब्यावरचे झोले
आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही, आणि आज लिहितेय ते शरम वाटतेय म्हणून. तुमची मुलगी आता लखनौला असते, गोमती नगरात. कुठल्या गावाची बस चालू ठेवायची आणि कुठली बंद केली तरी चालेल, याचे सर्व्हे आमची कंपनी करते. एसटी कंडक्टरची पोर बसच्याच कामात शिरली म्हणून तुम्ही डेपोभर पेढे वाटले असते.

आपल्याकडे फाट्यावर रांगेत माणसं नसायची, पिशव्या असायच्या. पिशवी, छत्री, कुणाची नुसती चप्पल. माणसं पलीकडे लिंबाच्या सावलीला. सुट्टीत मी तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मिरवायचे. एकदा फाट्यावर कुणी दिसेना, तर मीच शहाणपणा करून म्हणाले, कुणी नाही, मारा डबल बेल. तुम्ही माझ्याकडे रोखून बघितलंत. "पिशव्या दिसत नाहीत का तुला? त्या काय स्वतःच्या पायांनी चालत आल्या?" सगळ्या गाडीसमोर बोललात. मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

मागच्या उन्हाळ्यात लखनौपासून तासाभरावरच्या एका गावी सर्व्हेला गेले. बसने नाही हो, कंपनीच्या एसी गाडीने. गावाला दिवसात एकच बस, सकाळी नऊची. थांब्यावर नऊ झोले, म्हणजे इकडच्या पिशव्या, ओळीने ठेवलेले, त्यात एक कॉलेजची बॅग. माणूस एकही नाही. बस येईपर्यंत थांबून चढणारे मोजायचे, असा आमचा नियम. यायला अर्धा तास होता. मी थांबले नाही. 'थांब्यावर उभे प्रवासी' या रकान्यात शून्य लिहिलं आणि सही केली. झोले मला दिसले होते, आबा. त्यांचा अर्थही मला कळत होता. माझ्या ऑफिसात तो दुसऱ्या कुणाला कळला नसता. पुढे पावसाळ्याआधीच बस बंद झाली.

परवा, वर्षभराने, त्याच गावात लोकांचं म्हणणं लिहून घ्यायला मला पाठवलं. एक बाई खाट टाकते, गूळ-पाणी देते. तिची मुलगी दारातच तांदूळ निवडत बसलेली, मान वर करत नाही. बस गेली आणि तिचं कॉलेज सुटलं, दुसऱ्या वर्षाला होती. ई-रिक्षा मोठ्या सडकेवर मिळते, आणि सडक गावापासून दोन कोस. एकट्या पोरीला रोज पायी कसं धाडायचं? आता घरात स्थळांची बोलणी चालू आहेत. जुलैपर्यंत बस सुरू झाली तर पुन्हा नाव घालू, असं तिचा बाप म्हणतो. मग बाई माझ्याकडे नीट बघते आणि म्हणते, "उस दिन आप ही आई थीं न? हम सब पेड़ के नीचे थे. हमने कहा, अच्छा है, मैडम झोले गिन रही हैं." मी मान खाली घालून फॉर्म चाळत राहिले. म्हणाले, "ऊपर से बंद हुई होगी." तिने हाँ हाँ म्हणून पेल्यात आणखी पाणी ओतलं.

तो आकडा चुकीचा होता, असा मेल मी लिहून ठेवलाय. जून अर्धा सरला, तो अजून ड्राफ्टमध्येच आहे. पाठवला की साहेब पहिला प्रश्न विचारणार, अर्धा तास का नाही थांबलात? फार कामं होती, असं सांगता येईल. पण तुम्हाला कसं सांगू? कामं काही नव्हती, आबा. नणंद येणार होती, आणि ऊन चढायच्या आत मला अमीनाबादच्या बाजारात कुर्ते बघायला जायचं होतं.