तक्रार नाही

अहमदनगर,
नोव्हेंबर १९७२

प्रिय भिमा,

तुझं कार्ड मिळालं. नेहमीसारखं 'सर्व क्षेम', एवढंच. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगला निघाले तेव्हा गाडीमागे ओढ्यापर्यंत रडत पळत आलेला तू, इतका अबोल कधी झालास रे?

आमच्या इस्पितळात दर गुरुवारी मी तरुण डॉक्टरांचा वर्ग घेते. लढाईवरून आलेल्या म्हाताऱ्या शिपायांच्या मनाचं दुखणं कसं ओळखावं, याचा. परवा आसारामबाबा आले होते, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढलेले. वर्गातल्या एका डॉक्टरनं उभ्याउभ्या विचारलं, "काही तक्रार?" बाबा पंच्याहत्तरीचे, पण टाचा जुळवून ताठ. "न्हाई साहेब!" केसपेपरवर लिहिलं गेलं, तक्रार नाही. मी तो कागद फाडला. अरे, पलटणीत साहेबापुढे तक्रार कोण करतं? डॉक्टरला बाबांशेजारी बाकावर बसवलं आणि म्हटलं, आता विचार, रात्री पहाऱ्यावर कोण असतं? बाबा हसले. "मीच की! दुसरं कोन हाय? म्हातारी म्हनती, झोपा आता. म्या झोपलो तर बाकीच्यांनी काय करायचं?" ते बाकीचे चौदा जण बसऱ्यालाच राहिले, भिमा. छप्पन्न वर्षं हा माणूस त्यांच्यासाठी जागा आहे.

मोठे डॉक्टर भडकले. नर्सनं डॉक्टरांना शिकवायचं? म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणजे आजार नव्हे, वर्ग बंद! मी म्हटलं, खोलीला कुलूप लावा, मी बाहेर लिंबाखाली घेईन. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कसली भीती? शेवटी म्हणाले, येत्या गुरुवारी एक तरी शिपाई माझ्यासमोर मोकळेपणानं बोलू दे, मग वर्ग चालू ठेवा. आसारामबाबा तर त्यांना पाहताच पुन्हा ताठ होतील.

सेहेचाळीस साली तू ब्रह्मदेशाच्या लढाईवरून आलास तेव्हा मी दारातच विचारलं होतं, बरा आहेस ना? तू म्हणालास, बरा आहे अक्का. मी नर्स, आणि मी ते खरं धरलं. तुझी बायको लंका सांगते, दिवाळीत फटाके वाजले की तू अजून गोठ्यात जाऊन बसतोस. मी एकदाही तिथं तुझ्याजवळ येऊन बसले नाही.

म्हणून हे पत्र. या गुरुवारी शिकवायला मी नाही, माझा भाऊ येणार, असं मी सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले आहे. तुला न विचारता. खर्ड्याहून पहिल्या एसटीनं ये. स्टँडवर उतरल्याबरोबर हवं तर मला शिव्या दे, चारचौघांत दे. सव्वीस वर्षांत तुझा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही.

तुझीच,
मुक्ताअक्का