गालातला दात

दादी, परवा दातांच्या तरुण डॉक्टरने माझ्या पुढच्या दाताचा एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून बघितला आणि विचारलं, "आंटी, ये दात किसने बिठाया था?" मी म्हटलं, "माझ्या आजीने. चिनी होती." तो हसला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. मग पुन्हा स्क्रीनकडे बघत स्वतःशीच म्हणाला, "इतने साल टिकता नहीं है." मी सगळं आयुष्य वर्तमानपत्रात काढलं. पान छपाईला सुटायच्या आत कितीतरी अनोळखी माणसांची आयुष्यं दोन कॉलमांत बसवून दिली. तुझं मात्र कधी बसवता आलं नाही. आज कुणी मजकुराची वाट बघत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

तू वडिलांचं बोट धरून कँटनहून मुंबईला बोटीने आलीस, तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची होतीस. वडील दात काढायचे, बसवायचे. आधी फुटपाथवर एक खुर्ची, मग छोटं दुकान, पाटीवर रंगवलेली लालभडक कवळी. त्या दुकानात रत्नागिरीकडचा एक खलाशी दाढ काढायला आला. तुझ्या वडिलांनी पकड धरली आणि तू त्याचं डोकं. "ते डोकं मग मी सोडलंच नाही," असं तू सांगायचीस, आणि आजोबा गालावर हात ठेवून म्हणायचे, "अजून दुखतंय." तू त्यांचा दीन, इस्लाम घेतलास, त्यांच्या गावची बोली घेतलीस, नारळ खवायला शिकलीस, फक्त धंदा आपला ठेवलास. वडिलांनंतर ते दुकान तूच चालवलंस. आजोबा गेले, चीनशी लढाई झाली आणि कुणीतरी पाटीवरच्या कवळीला दगड मारले. अब्बा तेव्हा दुबईला एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे होते. त्यांनी आपल्या सगळ्यांना बोलावून घेतलं आणि खाडीकाठच्या त्या झावळ्यांच्या घरात पहिल्याच दिवशी तुला सांगितलं, "मा, इथे तू फक्त माझी आई. कुणाच्या तोंडात हात घालायचा नाही. काही वाईट झालं तर लोक बोट कुणाकडे दाखवतील?" तू हत्यारांचा पत्र्याचा डबा खाटेखाली सरकवलास. "बरं," म्हणालीस. पण गाढवावरून पाणी आणणारा माणूस हसला की तुझी नजर त्याच्या डोळ्यांकडे नसायची, हे मला आठवतं. कुणी गाल धरून समोरून गेलं की तुझा अंगठा आपोआप तर्जनीवर घासायला लागायचा.

तो शुक्रवार होता. अब्बा आपल्याला खाडीपलीकडे देराला घेऊन गेले होते. शेजारच्या अरब घरातली माझी मैत्रीणही बरोबर होती. आब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, काठाला लागायच्या आत मी उडी मारली, ओली चप्पल घसरली आणि मी तोंडावर पायरीच्या दगडावर. दात वाळूत पडलेला मैत्रिणीलाच दिसला. आपल्याकडे पडलेला दात कौलांवर फेकतात, त्यांच्याकडे सूर्याकडे फेकून त्याच्याकडे दुसरा, चांगला मागतात. तिने तो माझ्या मुठीत दिला. "यल्ला! शम्स! शम्स!" ती सूर्याकडे बोट दाखवत ओरडली. मी रडत रडत हात उगारला.

आणि तू माझं मनगट धरतेस. "अगो मेले, हा दुधाचा नाही. सूर्य दुसरा देणार नाही." दाताचं मूळ तू हाताळत नाहीस. चकचकीत टोकाला धरून तो तू स्वतःच्या तोंडात टाकतेस, वाळू थुंकतेस आणि जिभेने तो गालात सरकवतेस; सुकला तर दात मरतो, हे तू मला नंतर सांगितलंस. अब्बा ओरडतात, "मा! काय करतेयस? थुंक ते!" तू माझ्या तोंडावर ओढणीचा बोळा दाबून परत आब्रात चढतेस. खाडी ओलांडेपर्यंत अब्बा थांबत नाहीत. लोक बघतायत, पुढचा दात गेलेली पोर कोण करून घेणार, मी तुला मुंबईहून ह्यासाठी आणलं का. आणि तू, जी एका वाक्याला चार वाक्यांनी उत्तर द्यायचीस, ती एक गाल फुगवून समोर बघत बसतेस. नावाडी शेवटी न राहवून म्हणतो, "खलास, हबीबी, पुरे. आई आहे ती."

घरी आल्यावर तू डबा बाहेर ओढलास. अब्बा दारात उभे राहिले. "मा, तू शब्द दिला होतास." तू दात तळहातावर काढलास आणि कितीतरी वेळाने बोललीस, "दिला होता. आता बाजूला हो, उजेड अडवतोयस." ते बाजूला झाले. "तिकडे नाही. इकडे ये. डोकं धर हिचं." अब्बांनी माझं डोकं कानांपाशी दोन्ही हातांनी धरलं. तुझा अंगठा आत आला, दाबला गेला, हाडात काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटलं आणि मग तू रेशमी दोऱ्याने त्या दाताला शेजारच्या दोघांशी बांधून टाकलंस. "आता हा पाहुणा नाही," म्हणालीस.

मग कित्येक दिवस पेज. "माझ्या आईची कांजी आणि तुझ्या आजोबांची पेज, दोन्ही एकच. म्हणून तर लग्न टिकलं." दोरा सुटला, दात राहिला. काही दिवसांनी मैत्रिणीची आई जबड्यावर हात दाबून दाराशी येऊन उभी राहिली. तू अब्बांकडे बघितलंस. मला वाटलं आता ते ओरडणार. अब्बा उठले, खुर्ची उचलली आणि दारापाशी, उजेडात नेऊन ठेवली.

तो दात बाकीच्यांपेक्षा जरा आखूडच राहिला, पुढे काळवंडलाही. लग्नाच्या फोटोत मी तोंड उघडून हसलेय. काल तो हलणारा दात डॉक्टरने हलक्या हाताने काढला आणि प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिला. गाडीत नात म्हणाली, "नानी, जस्ट थ्रो इट." कुठे फेकू? आमच्या इमारतीला कौलं नाहीत. सूर्य होता, पण त्याच्याकडे फेकायला तू मला मनाई केली होतीस.

एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. आज सकाळी डबी उघडून मी तो गालात ठेवला. अजून तिथेच आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नव्हतंच; लिहून झालं की तुला मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढंच ठरवलं होतं. पण आता बोलता येत नाहीये.