बेबीला दे

४ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ. पन्नाशी उलटली तरी तुला बेबीच म्हणते. रागावू नकोस, जिभेला आता नवं वळण लागायचं नाही.

शाळेच्या गणवेशांचं काम संपत आलं. शिलाई मशीन आईच्या खाटेशेजारीच आणून ठेवलंय, म्हणजे एक डोळा टाक्यावर आणि एक तिच्यावर. डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजायचे, महिने नाहीत. जेवण दोन घासांवर आलंय. जीभ मात्र शाबूत! काल डॉक्टरांनाच म्हणाली, सुई नीट धरता येत नसेल तर माझ्या मुलीकडून शिकून घ्या.

पण संध्याकाळ झाली की एकच घोकते, बेबी माझ्यावर रागावलीय का? मी नाही म्हणते, तिला पटत नाही. तू बालवाडीच्या शिक्षिका घडवतेस, त्यांना माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे शिकवतेस. तूच मागे लिहिलं होतंस, शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून बघतो, आणि एकतर समाधानाने जातो, नाहीतर तळमळत. आई तळमळतेय गं. एकदा ये आणि रागावले नाही एवढं म्हण. खोटं असलं तरी चालेल.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पाठदुखीबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे दुखत असणार.

शेवटचा टप्पा तुझ्या बरा लक्षात राहिला! पहिल्याचं काय? तान्हं मूल रडलं की कुणीतरी धावून येतं, त्यातून त्याचा जगावर विश्वास बसतो, असं मी मुलींना सांगते. दुसऱ्या टप्प्यात ते 'माझं मी, माझं मी' करायला लागतं. मी तेवढीच होते, अडीच वर्षांची. बाबा अंथरुणाला खिळले म्हणून मला मावशीकडे धाडलं, वर्षभरासाठी. ते वर्ष अठरा वर्षं चाललं. मावशी वाईट नव्हती. तिने खाऊपिऊ घातलं, शिकवलं. पण कुणी हाकलू नये म्हणून मी जेवल्याबरोबर घरातली सगळी ताटं घासून ठेवायचे. आई वर्षातून एकदा यायची आणि मी झोपले की गुपचूप निघून जायची, म्हणे मी रडू नये म्हणून. उठल्यावर मी किती रडायचे, ते मावशीला विचारायला हवं होतंस.

समाधान हवं असेल तर तिने तिचं मिळवावं. मी येणार नाही.

तुझ्यावर राग नाही, तेवढं मनात धर.
बेबी

१६ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अ. उ. आ. माझ्यावर राग नाही, हे तुझं वाक्य मला घेता येत नाही. मग ऐकच.

मावशी न्यायला आली होती ती मला. मी आठ वर्षांची, शाळेत जाणारी, स्वतःचं स्वतः करणारी. तिला तशीच मुलगी हवी होती. आई माझे फ्रॉक पिशवीत भरत होती. मी आईचा पदर धरला आणि म्हणाले, बेबीला दे, ती लहान आहे, तिला काही आठवणार नाही. थोड्या वेळाने माझे फ्रॉक बाहेर निघाले आणि तुझे आत गेले.

अठ्ठेचाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आईही कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाही, मला पाठीशी घालायलाच असणार. बोल लावायचा तर मला लाव. पण तिच्यासाठी ये.

स्वतःला तुझी म्हणवत नाही,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. परवा सुखरूप पोचले. आई असताना आणि ती गेल्यावरही तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही, ते लिहिते.

आधी तुझं. आठ वर्षांची पोर घाबरली आणि बोलून गेली. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. तुला घेतलं नाही, हा माझा कोतेपणा.

तू औषधं आणायला गेलीस तेव्हा मी आईला सरळ विचारलं, ताई म्हणाली म्हणून मला दिलंस का? ती गोंधळली. ताई काही म्हणाली होती का, असं मलाच विचारायला लागली. ताई, तिला ते आठवतच नव्हतं. म्हणाली, पिशवी भरता भरताच मनात आलं, थोरली गेली तर पाणी कोण भरणार, बाबांना कुशीवर कोण वळवणार? थोरली कामाला यायची, बेबी, तू नुसती खाणारी. वर म्हणाली, झालं ते बरंच झालं, दोघींतली एक तरी शिकली. मग मी तुझं ते वाक्य म्हटलं, रागावले नाही. तिचा चेहरा एकदम निवळला. मला चहा घेतलास का विचारलं आणि झोपली. चौथ्या दिवशी गेली ती समाधानानेच.

काल वर्गात आठवा टप्पा शिकवला. एका मुलीने विचारलं, माणूस समाधानाने गेला म्हणजे तो बरोबर वागला होता का? मी म्हटलं, परीक्षेत हो लिहा.

पाठ शेकत जा. उत्तराची वाट बघते.
बेबी

२० मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. पत्र दोनदा वाचलं.

तुला माहीत नाही, मी तेवीस वर्षांची असताना छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एकजण मला मागणी घालायला आला होता. एकदा नाही, तीनदा. मला तो आवडायचा, हे आज पहिल्यांदाच लिहितेय. तिन्ही वेळा नाही म्हटलं. बहिणीला घराबाहेर काढणाऱ्या मुलीने आईला सोडून जायचं नाही, ही शिक्षा मीच मला ठोठावली होती. आणि ज्या वाक्यासाठी ती भोगली, ते आईने कानावरही घेतलं नव्हतं. मला ठेवून घेतलं ते पाणी भरायला. तेवढं मात्र मी चोख केलं.

रागवायचं कुणावर, तेच कळत नाही. काल एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

विशी-तिशीत माणूस कुणाशी तरी जोडला जातो, असाही एक टप्पा तुझ्या आठांत आहे ना? तो माझा राहून गेला. साठीच्या उंबरठ्यावर तो करता येतो का? पुस्तकातलं नको, परीक्षेतलं तर नकोच. हो की नाही, एवढंच कळव.

तुझी ताई