दहापैकी किती

इटेन, केनिया, १४ ऑगस्ट

प्रिय चेलागातताई,

तुम्ही सगळे नाकुरूला ठीक असाल, बाळाला दात आले असतील. इथे मका बरा आहे. लाल गाय व्यायली. मी सध्या धावत नाही.

गुडघ्याखाली दुखत होतं. इथल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड साफ. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" शेजारी आई बसलेली. मी म्हटलं, "दोन." दोनला काय मिळणार? मलम मिळालं. ते चोळून मी शर्यतीच्या सरावाला टेकड्या चढत राहिले.

मग पाऊलच टेकवेना, तेव्हा आई एल्डोरेटला घेऊन गेली. तिथे मोठ्या यंत्रात घातलं. डॉक्टरीण सुटर बाई, आपल्यातल्याच. म्हणाल्या, "हाड मोडलं नाही, पण आतली मज्जा सुजून पाण्याने भरलीय. अशीच पळालीस तर सांध्याखालचं हाड खचेल. मग पळणं विसर." आता कुबड्या, पाय टेकायचा नाही, आणि हाडासाठी शिरेतून औषध. एवढं सांगून त्यांनीही तोच प्रश्न विचारला.

"तीन," मी म्हटलं.

बाई भडकल्या. "मला शिकवतेस? मीही याच डोंगरातली आहे. आकडा खोटा सांगितलास तर उपचार कशावर करू, तुझ्या शौर्यावर?"

आपल्यात दुखतंय म्हणणं म्हणजे केवढी लाज, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? बाळंतपणात तू ओरडलीस, गावभर झालं, आणि आईने तुझं नावच टाकलं.

मी म्हटलं, "नऊ." आवाज जरा मोठाच निघाला. बाहेरच्या बाकावरच्या बायका डोकावल्या. आई भिंतीकडे बघत राहिली.

परतीच्या गाडीत ती माझ्यापासून सरकून खिडकीला बसली. मला वाटलं, झालं, आता माझंही नाव गेलं. चढावर गाडीला दणका बसला तशी तिने स्वतःचा गुडघा गच्च धरला.

"माझा आठ," ती म्हणाली.

"अगं बाई! कधीपासून?"

"तुम्ही लहान होतात तेव्हापासून." मग गुडघा चोळत, "चेलागातने बाळंतपणात किती सांगितलं असतं गं?"

"तिलाच विचार की."

"मग ये म्हणावं तिला."

मी पुन्हा पळेन की नाही, सुटर बाई काही सांगत नाहीत. मला भीती वाटते, ताई. तेही सांगून टाकते.

आईला दवाखान्यात न्यायचंय आणि माझे दोन्ही हात कुबड्यांत आहेत. बाळाला घेऊन ये.

तुझ्यासारखीच ओरडणारी,
जेरोटिच