नववी ‘ब’चे तास

दिघाशी,
दि. २४ जून २०२५

चि. धनेशला ताईचे आशीर्वाद. राग आला म्हणून ते द्यायचे थांबवलेले नाहीत.

फोन तू दोनदा मध्येच ठेवलास, म्हणून लिहिते आहे. पत्र तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

आज शाळेत नवं वेळापत्रक लागलं. नववी ‘ब’चे विज्ञान आणि बीजगणिताचे निम्मे तास काढून तिथे गोडाऊनचं काम शिकवायचं ठरलं आहे. माल मोजणं, स्कॅनर मारणं, खोकी बांधणं. विज्ञान मी शिकवते, आणि मला हे भिंतीवर वाचून कळलं. मुख्याध्यापक म्हणाले, संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलंय, तुम्ही भावालाच विचारा.

तर विचारते. ‘ब’मध्ये सगळी पाड्यावरची मुलं आहेत. ‘अ’मध्ये गावातल्या जमीनवाल्यांची, त्यांना तू हात लावला नाहीस. चौदा वर्षांच्या मुलांकडे बघून कुणी काय व्हायचं हे तू कशावरून ठरवलंस? बाबांनी ही शाळा काढली ती तुझ्या गोडाऊनला माणसं पुरवायला नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्याला जगाकडे बघून प्रश्न पडले पाहिजेत, असं ते म्हणायचे. आणि तुझं हे शिक्षण इतकं चांगलं असेल तर तुझ्या भाविकला कल्याणच्या शाळेतून काढ आणि ‘ब’मध्ये आणून बसव. त्याचा बाक मी स्वतः पुसून ठेवते.

दिपालीची पाठ कशी आहे? आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस, तिचं बीपी वाढेल.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, हे तुझं उत्तर बघून ठरवीन.

तुझी,
विनिताताई


पूर्णा,
दि. १ जुलै २०२५

ती. ताईस धनेशचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आईनेच फोडलं आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बीपी माझं वाढलं.

भाविकला मध्ये आणायचं काही काम नव्हतं. तो कुठे शिकेल ते मी आणि दिपाली, त्याचे आईबाप, बघू.

तुला हिरामण आठवतो का? तुझा लाडका, विज्ञानात पहिला आलेला. तो आज माझ्याच गोडाऊनमध्ये हमाली करतो. तुझं प्रकाशाचं परावर्तन त्याला अजून तोंडपाठ आहे, पण स्कॅनर येत नाही, म्हणून सुपरवायझरच्या जागेवर बाहेरचा माणूस घ्यावा लागला. तालुका आपला, आणि खुर्चीवर दुसरे. हिरामणला जगाकडे बघून प्रश्न पडतात का, ते मी विचारलेलं नाही. बारा तासांच्या ड्युटीत तेवढी सवड मिळत नाही. शाळेने पोरांना पायावर उभं करावं, पुढचं ती बघतील. तुझा पगार वेळेवर होतो, म्हणून तुला हे प्रश्न परवडतात.

शनिवारच्या पालकसभेला तू होतीस. ‘ब’मधल्या दिपिकाचा बाप जिव्या सगळ्यांसमोर म्हणाला, की पोरीला पगाराचं काम मिलत असंल तं बरंच हाय, शेठ. तुझ्या बाजूने एकही हात वर झाला नाही. त्यांच्या मुलांना काय हवं, हे तू त्यांच्याहून जास्त जाणतेस का?

तास सोमवारपासून सुरू होतील. शिव्या द्यायच्या तर दे, पण जेवायला येत जा.

तुझा,
धनेश


दिघाशी,
दि. १० जुलै २०२५

चि. धनेशला आशीर्वाद.

हिरामणचं लिहिलंस ते मला लागलं. पण स्कॅनर शिकवायला असा किती वेळ लागतो? तू चार दिवसांत शिकवू शकला असतास. शिकवलं नाहीस, आणि दोष मात्र माझ्या विज्ञानाला.

मी जिव्याच्या घरी जाऊन आले. सभेत बोलला तेच तो बोलला. त्याची बायको गंगू चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. दिपिका डॉक्टर होईल एवढी हुशार आहे, असं मी त्यांना सांगितलं. पोरगी हुशार हाय ते मलापन ठाव हाय, बाय, पन तवर घर कोन चालवल, असं तो म्हणाला. त्यावर मी तशीच उठून निघून आले. तोही राग आता तुझ्यावरच काढते आहे.

पण प्रयोगशाळेला कुलूप का लावायला लावलंस? मी मधल्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला ठेवून ‘ब’ला शिकवत होते. बाबांच्याच शाळेत विज्ञान शिकवते म्हणून तू मला बाहेर काढतोस. आता व्हरांड्यात शिकवते आहे. तिथे कुलूप लावायचं तर आधी दार बसव.

नारळी पौर्णिमेला राखी बांधायला येणार नाही. आईला तूच काय ते सांग.

विनिता


पूर्णा,
दि. २२ जुलै २०२५

ती. ताईस नमस्कार. उत्तर देणार नव्हतो.

काल गोडाऊनच्या तासाला मी स्वतः येऊन बसलो. तू शेजारच्या वर्गात ‘अ’ला शिकवत होतीस. दिपिका खोकी बाजूला सारून बसलेली. मी विचारलं, हे काम हलकं वाटतं का. न्हाय, म्हणाली, माझं झालं, आता मॅडमच्या तासाला बसू का. मी म्हटलं, त्याचा तुला पुढे काय उपयोग. तर सगळ्या वर्गासमोर उभी राहून मला म्हणते, की मी पुढं काय होनार ते मलाच अजून ठाव न्हाय, तं तुम्हाला कसं ठाव?

मी तिला वर्गाबाहेर काढलं. गाडीत बसलो तरी डोकं तापलेलंच होतं. जेवताना आईला आणि दिपालीला सांगितलं; वाटलं, त्या माझ्या बाजूने बोलतील. दिपाली म्हणाली, परवा भाविक हेच म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, घाई नाही, सावकाश ठरव. मी ताटावरून उठलो.

गोडाऊनचा तास आता शाळा सुटल्यावर होईल. ‘अ’ असो वा ‘ब’, ज्याला हवा त्याने थांबावं. बाकीचे तास पूर्वीसारखे. कुलूप काढायला सांगितलं आहे.

मला पटलेलं नाही. ही मुलं दहावी होऊन माझ्या दारात लोडिंगला उभी राहिली, की मी तुलाच जाब विचारीन.

धनेश


दिघाशी,
दि. २६ जुलै २०२५

चि. धनेशला आशीर्वाद.

कुलूप निघालं. आभार मानणार नाही, ते लावायलाच नको होतं.

काल खुशीत मी दिपिकाला म्हटलं, आता नीट अभ्यासाला लाग, तुला डॉक्टर व्हायचं आहे. तिने तुला विचारलं होतं तेच मला विचारलं, जवळजवळ त्याच शब्दांत. मलाही तुझ्याइतकाच राग आला, धनेश. मी तिला वर्गाबाहेर काढलं नाही, एवढंच.

जाब खुशाल विचार. पण ‘अ’ आणि ‘ब’ अशा तुकड्या पाडल्या कुणी आणि कशासाठी, हे मीही तुला विचारणार आहे. नारळी पौर्णिमेला येते, तेव्हा बोलू. आईला सांग, भांडण होईल, पण जेवून झाल्यावर.

आज दिपिका विज्ञानाच्या तासाला पुढच्या बाकावर होती. शाळा सुटल्यावर तुझ्या स्कॅनरच्या तासालाही थांबली. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

भांडते तरी मला आपली म्हण.

विनिताताई